दारातला चेंडू

फिल्म बघायच्या खोलीत योलांडाने पडद्यावरची मुलगी उडी मारता मारताच थांबवली, कारण काचेपलीकडे मुख्य प्रशिक्षक डोरीनबाईंनी आपल्या दाराशी ठेवलेला चेंडू पायाने बाजूला सारला होता.

ते दार आपोआप मिटणारं. त्याला अडवायला डोरीनबाईंनी एक जुना, अर्धी हवा गेलेला बास्केटबॉल ठेवला होता आणि योलांडा इथे आल्यापासून, म्हणजे बारा वर्षं, तो तिथेच होता. कुणाला खेळायला मिळत नाही म्हणून रडू आलं, कुणाचं घरी भांडण झालं, कुणी वर्गात नापास झालं, तर मुली न विचारता आत शिरायच्या. डोरीनबाईंना त्याचा अभिमान होता. मुलींच्या पालकांना संघाची जागा दाखवताना त्या मुद्दाम त्या चेंडूकडे बोट दाखवायच्या. चेंडू बाजूला सरकला, की आतलं बोलणं इतरांच्या कानासाठी नाही.

योलांडाने तो तीनदाच सरकलेला पाहिला होता. एकदा डोरीनबाईंच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी डॉक्टरांचा फोन आला तेव्हा. उरलेल्या दोन्ही वेळा ती दुसऱ्या कॉलेजात मुख्य प्रशिक्षक पदाच्या मुलाखतीला जाऊन आली होती आणि दोन्ही वेळा दोन दिवसांत नकार आला होता. आज चौथी खेप, आणि परवाच ती मार्लो क्रीक कॉलेजात मुलाखत देऊन आली होती. तिच्या मनात पाल चुकचुकली. खरं सांगायचं तर ती पाल गेली दोन वर्षं गप्प बसलीच नव्हती.

तिने दाराच्या काचेकडे पाहिलं. डोरीनबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, फोन कानाला, मोकळा हात खुब्यावर. मध्येच त्या हसल्या. हसण्यासारखं काय होतं?

या धंद्याची रीत सगळ्यांना ठाऊक असते. सहायकाने कुठेही अर्ज केला, तरी निवड करणारा माणूस शेवटी तिच्या मुख्य प्रशिक्षकाला फोन करतोच. मुलाखतीत तुम्ही सूर्य-चंद्र आणून दाखवा, शेवटचा शब्द त्या फोनचा. मार्लो क्रीकचा क्रीडाप्रमुख डेल विकस्ट्रॉम तिला गाडीपर्यंत सोडायला आला होता, तेव्हा म्हणाला होता, आता फक्त डोरीनला एक फोन, बाकी सगळं जमल्यातच जमा आहे. योलांडाच्या आईने तेवढ्यावर चर्चमध्ये सांगूनही टाकलं. योलांडा त्रेचाळीस वर्षांची होती. चाळिशीत मुख्य प्रशिक्षकाची खुर्ची मिळाली नाही, तर पुढे मुलाखतीला बोलावणंही थांबतं, हे तिने इतरांच्या बाबतीत पाहिलं होतं. हंगाम मागच्याच आठवड्यात संपला होता. मार्चअखेर रिकाम्या जागा भरल्या जातात आणि मग वर्षभर कुणी कुणाला विचारत नाही.

दार उघडलं. डोरीनबाईंनी चेंडू पुन्हा जागेवर सारला, काचेतून योलांडाकडे पाहून अंगठा वर केला आणि कॉफी आणायला निघून गेल्या. त्या अंगठ्याने योलांडाचा जीव भांड्यात पडायला हवा होता. उलट तिला वाटलं, इथेच कुठेतरी पाणी मुरतंय.

डोरीनबाईंच्या दाराला लागूनच ब्रिनचं टेबल होतं. ब्रिन ऑस्टरहोल्ट, एकोणतीस वर्षांची, सगळ्यांत धाकटी सहायक. नोकरीच्या तिसऱ्या वर्षात होती. खेळाडू म्हणून हुशार होतीच, प्रशिक्षक म्हणून त्याहून हुशार निघाली. गेले पंधरा दिवस ती फोन आला की गाड्या उभ्या करतात तिथे, उरल्यासुरल्या बर्फात जाऊन बोलायची आणि परत आली की कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. योलांडा गेली तर तिची खुर्ची ब्रिनला मिळणार. आणि योलांडा गेली नाही तर? तर ब्रिनच्या मनात काय असणार, हा प्रश्न योलांडाने स्वतःला इतक्यांदा विचारला होता की आता त्याचं उत्तरही तिनेच ठरवून टाकलं होतं.

ती उठून ब्रिनच्या टेबलाशी गेली.

“काही ऐकू आलं?”

“दार बंद होतं,” ब्रिन म्हणाली. मग थोडी लाजली. “थोडंसं आलं. कोचचा आवाज माहितीये ना तुला.”

“मग?”

“तुझं कौतुकच चाललं होतं गं. म्हणाल्या, तीस वर्षांत अशी असिस्टंट मिळाली नाही. कुठल्या मुलीच्या आईला काय सांगितलं की ती पोरगी इथे पाठवेल, ते तुलाच कळतं. तू म्हणजे त्यांचा उजवा हात.”

“आणि?”

“आणि काय? एवढंच, पण पंधरा मिनिटं.”

योलांडाने तिचा चेहरा नीट पाहिला. खोटं बोलणारी माणसं जरा जास्त सांगतात, असा तिचा अनुभव. ब्रिनने मोजकंच सांगितलं होतं. तरी तिचं समाधान झालं नाही.

डेलचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. सहायकांची सगळ्यांची मिळून एकच खोली, म्हणून योलांडा फिल्म बघायच्या खोलीत गेली आणि तिथलं आपोआप मिटणारं दार तिच्यामागे मिटलं. डेलने सुरुवातीलाच तिच्या आईची चौकशी केली, तेव्हाच ती समजून चुकली. नकार देणारी माणसं आधी घरच्यांची चौकशी करतात.

तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, डोरीनने तुझं इतकं कौतुक केलं की आमची समितीच घाबरली, तुला तिच्यापासून तोडायचं कसं. पण आम्हाला आता संघ स्वतः चालवलेली बाई हवी आहे. योलांडाने विचारलं, मी तुम्हाला त्या सहा सामन्यांबद्दल सांगितलं होतं ना? दोन वर्षांपूर्वी डोरीनच्या ऑपरेशनच्या वेळचे. सहापैकी पाच जिंकले. संघ मी चालवला होता.



“योलांडा, मी जुन्या नोंदी पाहिल्या. ते सामने डोरीनच्या नावावर आहेत.”

“ती रीत आहे. मुख्य प्रशिक्षक आजारी असली तरी निकाल तिच्याच नावावर लावतात.”

“असेलही,” डेल म्हणाला. “पण डोरीनच्या तोंडून त्याबद्दल चकार शब्द निघाला नाही. मला वाटलं, मुलाखतीत माणूस थोडं वाढवून सांगतो. आम्ही ते तुझ्याविरुद्ध धरलेलं नाही हं.”

बारा वर्षांत योलांडाने एकाही मुलीच्या आईला थाप मारली नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघरांतून बसून, नको असताना दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं नूडल्स-चिकन खाऊन, तिने मुलींना कधी खोटं वचन दिलं नव्हतं. आणि हा माणूस तिला माफ करत होता.

ती तशीच तडक डोरीनबाईंकडे गेली. दाराशी थांबून तिने चेंडू पायाने बाजूला सारला. हे करायची हिंमत तोवर कुणी केली नव्हती. दार मिटलं. डोरीनबाईंनी चष्मा काढला.

खोलीतल्या कपाटावर काचेच्या पेटीत सोनेरी अक्षरांचा चेंडू होता. पाचशेवा विजय. फेब्रुवारीत त्याचा सोहळा झाला, गावच्या बँडसकट, आणि केकही चेंडूच्या आकाराचा होता. हंगाम संपला तेव्हा डोरीनबाई पाचशे तीनवर होत्या. योलांडाने आजवर ही वजाबाकी कधी केली नव्हती. आता ती उभ्या उभ्या झाली. पाचशे तीनमधून पाच गेले, तर पाचशे उरत नाहीत.

“डेलशी काय बोललात?”

“चांगलंच बोलले. तुझ्यासारखी असिस्टंट मला मिळाली नाही म्हटलं. त्यात खोटं काय आहे?”

“त्या सहा सामन्यांचं?”

डोरीनबाईंनी खुबा चोळला. ऑपरेशन झाल्यापासून हे त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

“त्याने विचारलंच नाही.”

“त्याला विचारायचं सुचणार कसं? तुम्ही सांगायचं होतंत, कोच.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी खोटं बोलत नाही, योलांडा.” मग त्यांचा आवाज खाली आला. “तू गेलीस की चार मुली तुझ्यामागे जातील. आता कॉलेज बदलायला कुणी कुणाला अडवू शकत नाही. मी काय करू मग? त्या चेंडूशी बोलत बसू?”

त्यांचं हे शेवटचं वाक्य खरं होतं, म्हणून योलांडाला जास्त राग आला. इतकी वर्षं तिने कल्पना केली होती की दाराआड तिच्या चुगल्या होतात. चुगली असती तर भांडता आलं असतं. हे नुसतं कौतुक होतं. एकाच जागी घट्ट बसवून ठेवणारं कौतुक, आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता.

“पुढच्या वर्षी मी निवृत्त होतेय,” डोरीनबाई म्हणाल्या. “तेव्हा बघू.”

हे त्या चार वर्षं म्हणत होत्या. योलांडा बाहेर आली. चेंडू तिने जागेवर ठेवला नाही.

शुक्रवारी दुपारी तिच्या मोबाइलवर अनोळखी क्रमांक आला. क्षणभर तिला वाटलं, डेलने मत बदललं. ती घाईने फिल्मच्या खोलीत गेली. पलीकडे वेगळीच बाई होती. नाव लेटिशा क्रेन, नेब्रास्कातल्या एका कॉलेजची मुख्य प्रशिक्षक. आमच्या बाकावर पहिल्या सहायकाची खुर्ची रिकामी आहे, म्हणाली, आणि ब्रिन ऑस्टरहोल्टने अर्ज केलाय. डोरीनशी कालच बोलले, पण ज्येष्ठ सहायकालाही विचारावं म्हटलं.

म्हणजे ब्रिन बर्फात उभी राहून हे बोलत होती. योलांडाच्या खुर्चीवर तिचा डोळाच नव्हता. योलांडाला स्वतःची लाज वाटली. त्याच दमात तिला रागही आला, की पोरीने मला सांगितलं कसं नाही.

“एक विचारू?” लेटिशा म्हणाली. “इतक्या लवकर का निघतेय ती? मी तिलाही विचारलं. म्हणते, तिथे माझ्यापुढे जी बसलीये ती माझ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे, आणि बारा वर्षं झाली ती अजून तिथेच बसलीये.”



काचेपलीकडे ब्रिन आपल्या टेबलाशी होती. तिने मान वर करून या मिटलेल्या दाराकडे पाहिलं, मग कागदात मान घातली, मग पुन्हा पाहिलं. ती नजर योलांडाच्या चांगली ओळखीची होती.

“कशी आहे ती?” लेटिशाने विचारलं.

“उत्तम. मेहनती आहे. सांगितलेलं काम…” योलांडाच्या तोंडून अगदी सहज निघालं, “इतकी चांगली असिस्टंट मी…”

ती थांबली.

त्या सहा सामन्यांतला चौथा तिच्या डोळ्यांपुढे आला. एका गुणाने मागे, सहा सेकंद उरलेले, चेंडू आपल्याकडे. मुली घोळका करून उभ्या आणि योलांडाला काहीही सुचत नव्हतं. ब्रिनला नोकरीला लागून तेव्हा तीन महिने झाले होते. तिने योलांडाच्या हातातली डाव आखायची पाटी ओढून घेतली आणि चार रेघा मारल्या. चेंडू उंच मुलीला मिळणार असंच सगळ्यांना वाटणार होतं. ब्रिनने तिला नुसतं बचाव करणाऱ्यांच्या वाटेत आडवं उभं केलं आणि चेंडू कोपऱ्यातल्या नव्या पोरीकडे पाठवला. सामना जिंकला. दुसऱ्या दिवशी गावच्या पेपरात योलांडाचं नाव होतं. मार्लो क्रीकच्या समितीसमोर तिने त्याच चार रेघा फळ्यावर काढून दाखवल्या होत्या, तेव्हा डेल खुर्चीत पुढे सरकून बसला होता. या कुणी काढल्या, असं त्याने विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं.

“हॅलो?” लेटिशा म्हणाली. “माझं तसं विचारून झालंय. तुम्हाला काही सांगायचं असेल तर सांगा.”

प्रशिक्षकांचं जग लहान असतं. इथे बोललेलं आठवड्याभरात डेलच्या कानावर जाईल, आणि मग जिथे जिथे तिने त्या रेघा काढल्या होत्या तिथेही. पुढच्या मार्चमध्ये ती चव्वेचाळीस वर्षांची असेल.

योलांडा दारापाशी गेली. तिने दार ओढून उघडलं आणि ते मिटू नये म्हणून पाय मध्ये घालून उभी राहिली. ब्रिनने वर पाहिलं.

“तुम्ही विचारलं नाहीत,” योलांडा फोनमध्ये म्हणाली, टेबलापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, “पण दोन वर्षांपूर्वीच्या एका सामन्याबद्दल सांगायचं राहिलंय. लिहून घ्या.”