पाच मैलांच्या आत

"मागं फिरा, पाद्रीबाबा. मी तुम्हाला पाहिलंच नाही असं समजतो."

असं म्हणताना जॉब टर्लोनं कोतवालाची काठी रस्त्यात आडवी धरली होती. समोर वेस्कॉट पाद्री, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. राजानं ठरवून दिलेल्या प्रार्थना म्हणायला त्यांनी नकार दिला, तेव्हा आधी त्यांचं चर्च गेलं. मग कायदा निघाला, की असल्या पाद्र्यानं आपल्या जुन्या गावाच्या पाच मैलांच्या आत पाऊल टाकायचं नाही. बायको प्रिसिला आजारी, म्हणून ती मागं राहिली होती.

"जॉब, ती जगायची नाही रे. हात तेवढा हातात घेतो आणि परततो."

"आणि कुणी चुगली केली तर? तुम्ही आत, मीही आत. माझ्या पोरांनी काय खायचं?"

जॉब जोडे शिवून पोट भरायचा; त्या साली कोतवालकी त्याच्या गळ्यात पडली होती एवढंच. त्याचं लग्न याच पाद्र्यांनी लावलं होतं.

वेस्कॉट थोडा वेळ गावाकडे बघत राहिले. "तुझ्यावर बालंट नको," म्हणाले आणि वळले.

घरी येऊन जॉबनं बायकोला सांगितलं, "सोडून दिलं मी त्यांना."

जोन पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "सोडलंत, की हाकललंत?"

प्रिसिला त्याच दिवशी, ऊन उतरताना गेली. शेजारणी सांगत होत्या, शेवटी ती एकसारखी म्हणत होती, "आले बघा ते. दार उघडा गं." दार उघडंच होतं.

तेव्हापासून दिवस कलला, की चिखल तुडवत कुणीतरी येत असल्याचं जॉबला ऐकू येई. पावलं उंबऱ्यापर्यंत येत, थांबत, आणि मागं फिरत. कोतवालकी दुसऱ्याकडे गेली, पोरं हाताशी आली, भर उन्हाळ्यात रस्ता खडखडीत वाळला, तरी चिखलातली ती पावलं येतच राहिली.

"तुला ऐकू येतं का गं?" त्यानं एकदा विचारलं.

"मला कशाला येईल? मी नव्हते रस्त्यात आडवी उभी."

पुढं राजा बदलला, कायदा सैल झाला. वेस्कॉटांची माणसं उजळ माथ्यानं प्रार्थनेला जमू लागली. पण खुद्द वेस्कॉट त्याआधीच परगावी वारले होते. जोनही गेली. मग एक दिवस म्हातारा जॉब उठला आणि वेस्कॉट शेवटी जिथं राहत होते त्या, पाच मैलांच्या हद्दीच्या जेमतेम बाहेर असलेल्या टेकडीवरच्या घराकडे चालत निघाला.

घरमालकीण बोलकी होती. "तुम्ही त्यांच्या गावचे? मग तो टर्लो ठाऊक असेल तुम्हाला! रोज त्याच्यासाठी प्रार्थना करायचे हो. म्हणायचे, भला माणूस, मला पकडून दिलं नाही त्यानं. आहे का तो?"

"आहे," जॉब म्हणाला.

"आणि तुम्ही कोण?"

"मी जोडे शिवतो."

तिनं त्याला मागच्या अंगणात नेलं. सफरचंदाच्या झाडाखाली दगडी बाक होता. "रोज संध्याकाळी इथं बसायचे. हाक मारली तरी लवकर उठायचे नाहीत."

ती आत गेल्यावर जॉबनं टोपी काढली. बाकावर बसायला काही तो धजेना. तो शेजारी उभा राहिला. खाली शेतांपलीकडे गाव दिसत होतं. इतकं जवळ, की कुणाच्या घरी चूल पेटली तेही धुरावरून इथून कळावं.