पळणाऱ्या माणसाचं चित्र

मास्तरांनी कॅमेऱ्यावरची चकती पुन्हा चेहऱ्याच्या चित्रावर आणली, एक डोळा मिटला आणि बटण दाबलं. पडद्यावर बायको उमटली, पण मानेपासून वर सगळं फिसकटलेलं. नाकं तर दोन दिसत होती. सकाळपासून हेच चाललं होतं.

"हलले ना मी?" खुर्चीतून तिनं विचारलं.

"छे, मीच धांदरट," मास्तर म्हणाले.

खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. तिचा उजवा हात आणि मान सतत थरथरायची, आणि औषधाचा गुण आता नावालाच उरला होता. नवऱ्याकडं तिनं आजवर फारसं काही मागितलं नव्हतं. आता एकच हट्ट धरला होता: आपल्यामागं भिंतीवर लावायला एक फोटो हवा, न हललेला. आजी म्हटल्यावर नातवंडांना ही थरथर आठवावी, हे तिला मुळीच मंजूर नव्हतं. त्यासाठी मास्तरांनी खास निळा ब्लाउज शिवला होता, बाही पार बोटांपर्यंत, म्हणजे हात आत झाकला जाईल. जन्मभर शिंपीकामात मापं घेताना त्यांनी भल्याभल्या गिऱ्हाइकांना 'हलू नका' म्हणून दटावलं होतं. बायकोला तेवढं म्हणायला मात्र त्यांची जीभ रेटेना.

शेवटी नाइलाजानं त्यांनी मुलीला फोन लावला. कॅमेरा तिनंच पाठवला होता. चकतीवर कुठलं चित्र लावलंय, तिनं विचारलं. चेहऱ्याचा फोटो म्हणजे चेहऱ्याचंच लावणार, एवढी अक्कल आहे मला, असं मास्तरांनी सुनावलं. मुलगी म्हणाली, ते नको, तो पळणारा माणूस आहे ना, तो लावा, आणि आईला खिडकीपाशी उजेडात बसवा.

मास्तर भडकलेच. "चेष्टा करतेस आईची? खुर्चीतून उठवायला माणूस लागतो तिला. पळतेय कुठं ती?"



"ते पळणाऱ्याला थांबवतं, बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

मास्तरांनी खुर्ची बायकोसकट ओढत खिडकीपाशी नेली. चकती फिरवली. एकेकाळी शिवलेले कपडे काखेत मारून ही बाई घरोघर पोचवायला धावायची, आणि हेच मास्तर मशीनवरून ओरडायचे, अगं, जरा एका जागी टेक की. त्यांनी बटण दाबलं.

फोटो लख्ख आला. कॉलरचा टाका न् टाका दिसत होता. मान सरळ, हनुवटी स्थिर.

तिनं तो बराच वेळ पाहिला. "हा लावा," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा चेहरा निवला होता. बाकीचे पुसून टाका, असंही तिनं बजावलं.

मास्तरांनी मान डोलावली. फोटोत खोट काढायला जागा नव्हती. फक्त इतकी निश्चल ती कधीच बसली नव्हती. तिला असं बघायची वेळ पुढं कधीतरी यायची होती, ती वेळ आजच समोर येऊन बसल्यासारखी वाटली.

त्यांनी चकती पुन्हा चेहऱ्याच्या चित्रावर आणली.

"झालं की आता," ती म्हणाली. "परत कशाला?"

"एक माझ्यासाठी."

मास्तर गुडघ्यावर टेकले आणि स्वतः शिवलेली ती लांब बाही कोपरापर्यंत दुमडली. हात बाहेर आला, थरथरत.

"अहो, हलेल तो."

"हलू दे," मास्तर म्हणाले, आणि कॅमेरा डोळ्याला लावला.