पकड : भाग दुसरा, मिनिट एकवीस

खुनाच्या मालिका बघून त्यांची सालं काढणं हा माझा धंदा आहे, आणि बारा वर्षांत तो मी इतका चोख केलाय की मालिका बनवणारे माझं नाव निघालं की दात-ओठ खातात. एका दिग्दर्शकाबद्दल मी लिहिलं होतं की त्याच्या मालिकेत सगळ्यात जिवंत अभिनय प्रेताने केला आहे. त्याने पुढे दोन वर्षं काही बनवलं नाही. लोक म्हणाले, तुझ्यामुळे. मी म्हणालो, मग आभार माना की माझे.

माझ्या सदराची ओळख म्हणजे ‘पकड’. तारे-बिरे मी देत नाही, ते सगळेच वाटत सुटतात. परीक्षणाच्या शेवटी मी एक ओळ देतो : गुन्हेगार कोण हे मला कितव्या भागात, कितव्या मिनिटाला कळलं. पकड : भाग तिसरा, मिनिट चौदा. वाचक आधी ती ओळ बघतात, मग वर जाऊन बाकीचं वाचतात. ‘मला तुमच्याआधी चार मिनिटं कळलं होतं’ असं कळवून नाक वर करणारे दर आठवड्याला भेटतात. त्यांना मी उत्तर देत नाही.

हे जमतं कसं, ते मात्र मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. मालिका आमच्या हातात पडते ती प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी. आठ भाग, एकेक पाऊण तासाहून मोठा, आणि मजकूर संध्याकाळी सहाला हवा. म्हणून पावणेदोनपट वेगाने बघायचं. शिवाय माझ्या लॅपटॉपवरच्या प्लेअरमध्ये एक बटण आहे, ‘शांतता वगळा’. ते चालू ठेवलं की पडद्यावर कुणी बोलत नसेल तेवढा भाग आपोआप उडतो. खिडकीतून बाहेर बघत बसलेला पोलीस उडतो. मेलेल्या नवऱ्याचं कपाट उघडून उभी राहिलेली बायको उडते. साडेसहा तासांचे तीन तास होतात. आमच्या धंद्यात बरेच जण हेच करतात, बोलत कोणी नाही.

माझ्या बायकोला ही गंमत माहीत नव्हती. तिचं काम नेमकं उलटं आहे. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना ती बोलायला शिकवते. एखादं पोर एका शब्दावर दोन-दोन मिनिटं अडतं, तोंड लाल होतं, आणि ही समोर नुसती बसून राहते, शब्द पुरवतसुद्धा नाही. मी तिला म्हणायचो, तुला तर थांबण्याचाच पगार मिळतो. ती हसायची. पुढे पुढे हसेनाशी झाली होती.

मार्चमध्ये ती मालिका आली. खऱ्या गुन्ह्यावरची. एक तरुण बाई वाहनतळाच्या इमारतीच्या जिन्यात मरून पडलेली सापडली होती. ती पडली की तिला ढकललं, हे पोलिसांना सहा वर्षांत ठरवता आलं नाही. मागे राहिली तिची दोन वर्षांची मुलगी आणि तिची आई. आईचा व्यवसाय कपडे दुरुस्त करून देण्याचा : पँट आखूड कर, झिप बदल, ब्लाउज सैल कर. मालिकेवाल्यांनी तिला शिवणयंत्रासमोरच बसवून प्रश्न विचारले होते. माझं त्या दिवशी डोकं दुखत होतं, सहा वाजायला आले होते, आणि सांगण्यासारखं काही सापडत नव्हतं. मग ती सापडली.

परीक्षणाला मी मथळा दिला, ‘कोरडी आई’. त्यातला गाजलेला परिच्छेद असा : ‘मुलगी गेल्याचं तुम्हाला कधी कळलं, असं विचारल्यावर जी आई एक श्वासही न घेता “मंगळवारी, सव्वाचार वाजता” असं सांगते, तिचं पाठांतर पक्कं आहे. मुलीशी भांडण झालं होतं का? “हो.” तिथेही श्वास नाही. इतके तत्पर साक्षीदार फक्त दोनच ठिकाणी भेटतात, नाटकाच्या तालमीत आणि खोटं बोलताना.’ आणि खाली ठळक अक्षरांत, पकड : भाग दुसरा, मिनिट एकवीस.

खुनी हा शब्द मी कुठेच वापरला नाही. गरजच नव्हती. दोन दिवसांत लोकांनी मागचं-पुढचं गाळून तिच्या त्या दोन उत्तरांच्या चित्रफिती करून जगभर फिरवल्या. कुणी तिचं दुकान शोधून काढलं, काचेवर ‘सव्वाचार’ असं रंगाने लिहून ठेवलं. संपादकबाई तर माझ्यावर जाम खूश होत्या. माझ्या निवडक परीक्षणांचं पुस्तक तेव्हा छपाईला जायचं होतं, त्याच्या पाठच्या बाजूला हाच परिच्छेद टाकायचं ठरलं.

पुढे महिन्याभराने, एका गुरुवारी दुपारी, दाराची बेल वाजली. बायकोने दार उघडलं. बाहेर एक बुटकी बाई, हातात कागदांची पिशवी, आणि मनगटाला टाचण्या खोचायची छोटी गादी. काढायची विसरली असावी.

“मी ती कोरडी आई,” ती म्हणाली. “दोन मिनिटं बसू का?”

“बसा ना,” बायको म्हणाली. “चहा टाकते.”

माझ्या कपाळावर आठी चढली. असे लोक येतात. कुणाचा भाऊ येतो, कुणाचा जावई येतो, सगळ्यांना आपल्याच घरातला माणूस निर्दोष हवा असतो. मी घड्याळाकडे बघितलं. तिने ते पाहिलं आणि घाईघाईने पिशवीतून कागद काढला.

“नात माझ्याकडे असते. आठ वर्षांची आहे. तिचा बाप ती तान्ही असतानाच सोडून गेला होता, तिने त्याला आजवर तीनदा बघितलंय. आता त्याला ती हवी आहे. वकील म्हणत होते, मिळणार नाही, फार तर महिन्यातून एकदा भेटेल. मग तुमचं ते आलं. मुलांची चौकशी करणाऱ्या अधिकारीबाई घरी येऊन गेल्या. त्यांनी हे लिहिलंय.”

मी वाचलं. मुलीला शाळेत चिडवलं जातं. घराबाहेर अनोळखी लोक येऊन चित्रीकरण करतात. आजीविषयी समाजात गंभीर संशय आहे. मुलीला अन्यत्र हलवणं तिच्या हिताचं. सुनावणी सोमवारी, अकरा वाजता.

“बाई, मी मालिकेबद्दल लिहिलं होतं,” मी म्हणालो. “तुमच्याबद्दल नाही.”

“मालिकेत मीच होते ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्तच राग आला. “एकदा माझ्याबरोबर बघाल? फक्त तेवढंच. माझ्याकडून कुठे काय चुकलं ते मला दाखवा.”

मला यात मजा वाटली, खोटं कशाला बोलू. जिचं पितळ आपण उघडं पाडलं ती स्वतःच समोर बसून ते बघणार. मी लॅपटॉप टेबलावर ठेवला, दुसरा भाग लावला आणि एकविसाव्या मिनिटावर नेला.

“कधी कळलं?” पडद्यावरचा आवाज म्हणाला. “मंगळवारी, सव्वाचार वाजता,” पडद्यावरची बाई फटकन म्हणाली. “भांडण झालं होतं?” “हो.”

“असं नाही,” समोरची बाई म्हणाली. ती पडद्याच्या अगदी जवळ वाकली. “मी थांबले होते. मला आठवतंय, मी थांबले होते.”

“बघा, सगळेच असं म्हणतात,” मी म्हणालो.

बायको चहा घेऊन आली होती. कप ठेवता ठेवता तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेलं. “हे हिरवं काय पेटलंय?” तिने विचारलं. वाचलं. माझ्याकडे बघितलं. मग तिने ते बटण बंद केलं, वेग नेहमीसारखा केला आणि भाग पुन्हा मागे नेला.

कधी कळलं, असा प्रश्न आला. पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि मिटलं. मांडीवरच्या कापडाचा एक धागा काढला. तो बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. यंत्राचं चाक हाताने अर्धं फिरवलं. भिंतीकडे बघितलं, तिथे बहुतेक घड्याळ असावं. तिचा गळा दोनदा हलला. माझी नजर आपोआप खालच्या आकड्यांवर होती, सवयच ती. एकोणीस सेकंद. मग ती म्हणाली, “मंगळवारी, सव्वाचार वाजता.” भांडणाच्या प्रश्नाला सव्वीस सेकंद लागले. त्यातली शेवटची दहा तिने डोळे मिटून काढली होती.

बायकोने चित्र तिथेच थांबवलं.

“सव्वाचारला एक गिऱ्हाईक पँट न्यायला येणार होतं,” बाई म्हणाली. “मी घड्याळ बघतच बसले होते, म्हणून लक्षात राहिलं. पोलीस दारात आले तर मला वाटलं, गिऱ्हाईकच आलं. मी म्हणाले, झालीय हो, फक्त इस्त्री राहिलीय.”

मला लाज वाटली. कान तापले, हातातला कप ठेवावासा वाटला पण ठेवता येईना. बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

“मला माफी नको,” ती म्हणाली. “दोन ओळी हव्यात, तुमच्या सहीच्या. मी गप्प होते ते तुम्ही कापून बघितलं, एवढंच. वकील म्हणतात, तेवढं पुरेल. नाहीतर ती जाईल हो.”

“देतो,” मी म्हणालो. “सोमवारच्या आत तुमच्या वकिलांना मिळेल.” आणि तेव्हा मला ते मनापासून द्यायचं होतं.

शुक्रवारी मी बसलो. ‘मी सदर मालिका शांतता वगळून पाहिली’ एवढं लिहिलं आणि तिथेच अडलो. ही मालिका अशी पाहिली, मग बाकीच्या चारशे? कुणीही विचारेल. तो दोन वर्षं घरी बसलेला दिग्दर्शक तर पहिला विचारेल. मी संपादकबाईंना फोन केला.

“लिही की,” त्या म्हणाल्या. “तुझा स्वभाव मोठा आहे. मी फक्त पुस्तक थांबवते आणि सदर. कारण तू बघतोस म्हणून लोक वाचतात, आणि तू बघितलंच नाहीस असं तूच सांगणार.” थोडं थांबून म्हणाल्या, “किंवा असं लिही, की लिहिल्यासारखंही होईल आणि काही सांगितल्यासारखंही होणार नाही. तुला येतं ते.”

मला येतं ते. रविवारी दुपारी मी वकिलाला पत्र पाठवलं : ‘सदर परीक्षणातील मते कलाकृतीविषयी असून कोणत्याही व्यक्तीच्या चारित्र्याविषयी नाहीत. वाचकांनी त्यांचा तसा अर्थ लावला असल्यास खेद वाटतो.’ सही ठोकली. वाक्य मला आवडलंसुद्धा. त्यात कुठून चिमटा घ्यावा म्हटलं तर मांस हाताला लागत नव्हतं. बटणाचा उल्लेख नव्हता. मी स्वतःची समजूत घातली, कोर्ट काय एवढं वाचूनच निकाल देणार आहे.

सोमवारी बायको नेहमीसारखी सकाळी बाहेर पडली आणि संध्याकाळी परत आली. मी सोफ्यावर होतो, नव्या मालिकेचा चौथा भाग चालू होता. खांद्यावरची पर्सही न काढता ती समोरच्या खुर्चीवर बसली.

“त्या बाईंना पत्र दिलंस?”

“हो, कालच.”

“बटणाचं लिहिलंस?”

“हो.”

“शांतता कापून बघितलं, असं सरळ लिहिलंस?”

“हो, अगदी सरळ.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मुलांकडे बघते तशी.

“मी आज रजा टाकली होती,” ती म्हणाली. “कोर्टात गेले होते. त्या बाईंबरोबर कुणीच नव्हतं, म्हणून मी मागे बसले. वकिलांनी तुझं पत्र दिलं. न्यायाधीशांनी वाचलं आणि विचारलं, यात नवीन काय आहे? आणि पत्र बाजूला ठेवलं.”

“मग?”

“दिली बापाकडे. तिथूनच नेली. पोरीने आजीच्या मनगटाची ती गादी घट्ट धरून ठेवली होती. टाचण्या तळहातात गेल्या तरी सोडेना. शेवटी आजीनेच एकेक बोट सोडवलं तिचं.”

लॅपटॉपवर कोणीतरी भराभर कबुलीजबाब देत होतं. मी तो बंद केला.

“तीन प्रश्न विचारले मी तुला,” बायको म्हणाली. “तिन्ही वेळा एक श्वासही घेतला नाहीस.”

वाक्य माझंच होतं. ती उठली, आत गेली, आणि कपाटाच्या वरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला. ती बॅग घेऊन बाहेर आली तेव्हा मी दाराशी उभा होतो. मी तोंड उघडलं. या वेळी जे सांगायचं होतं ते खरं होतं, आणि ते काही केल्या बाहेर येईना. गळा दोनदा हलला. ओठ उघडले, मिटले. रोज चार-पाच पोरांसमोर ती अशी थांबते, वाट्टेल तितका वेळ.

माझ्यासाठी ती थांबली नाही.