मला वाजवून बघू नका

मी बोलतोय. पण आधी मला खाली ठेवा बघू. हं, आता कसं! नाही, फरशीवर वाजवून बघू नका, आणि दाताखाली तर मुळीच धरू नका. शेकडो वर्षं झाली, जो तो मला चावतोय.

मी एक चांदीचं नाणं. माझ्या अंगावर कोणता राजा आहे ते मला विचारू नका, कारण मला तो कधी दिसलेलाच नाही. नाण्याला स्वतःचं तोंड कुठे बघता येतं? त्याला दाढी आहे आणि नाक झिजलंय, एवढं लोकांच्या बोलण्यावरून कळलं.

माझा जन्म टांकसाळीतला. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये माझी चकती आणि वरून हातोडा. धाडकन! शुद्धीवर आलो तेव्हा मी नाणं झालो होतो. हातोडेवाला मात्र माझ्याकडे न बघताच पुढच्या चकतीकडे वळला. निदान कसा दिसतो ते तरी सांगेल, असं मला वाटलं होतं.

मग सुरू झाली भटकंती. लोकर विकणाऱ्याने मला दाताखाली धरलं. नावाड्याने दगडावर आपटून कान लावला. बंदरं बदलली, भाषा बदलल्या, डोक्यावरच्या टोप्या बदलल्या, पण मला हातात घेतलं की वर जायची ती भुवई सगळीकडे सारखीच. एका सराफाने तर कहरच केला. कडेला छिन्नी लावून लांबलचक ओरखडा काढला, आत डोकावला आणि म्हणाला, "चांदीच आहे की!" अरे बाबा, मला नुसतं विचारलं असतंस तरी सांगितलं असतं! हा ओरखडा तेवढा लक्षात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यानेच केला.

शेवटी एका बाईने मला मडक्यात घालून चुलीखाली पुरलं आणि "आलेच" म्हणून गेली. ती काही परत आली नाही. का आली नसेल, याचा विचार मी अजूनही करतो.

पुढे कितीतरी पिढ्यांनंतर तिथे विहीर खणताना मडकं फुटलं. हातोहाती फिरत मी एका भंगारवाल्याच्या बटणांच्या डब्यात येऊन पडलो. तिथून मला उचललं एका सलूनच्या मालकाने. गिऱ्हाइकांची डोकी भादरायची आणि उरलेल्या वेळात देशोदेशींची मध्ययुगीन नाणी जमवायची, हा त्याचा उद्योग. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर. त्यांनाही हाच नाद. दोघं लहानपणापासूनचे दोस्त. डॉक्टर दर पंधरवड्याला खाली येऊन दोस्ताच्या वस्तऱ्याखाली मान द्यायचे आणि फेस लावलेल्या तोंडाने म्हणायचे, "ते दाढीवालं मला दे ना रे."

"गप बस, कापेल," असं उत्तर यायचं.

डॉक्टरांना साठ वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मात्र दोस्ताने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. "घे लेका. तुझी नजर लागून झिजायला लागलंय ते."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण राजाचे डोळे, ते कसले पाणावतात!

डॉक्टरांच्या मखमली खणात काय शेजार मिळाला म्हणून सांगू! मधोमध चौकोनी भोक असलेलं एक तांब्याचं नाणं होतं. त्याचं सगळं आयुष्य भावंडांबरोबर दोरीत ओवून गेलेलं. दुसरं इतकं पातळ, की पुढचा छाप मागून उलटा दिसायचा. तिसरं कात्रीने कापून अर्धं केलेलं, सुट्टे हवे होते म्हणून! मी एकेकाला खोदून खोदून विचारायचो. कुठून आलास? कोणी चावलं का? सगळ्यांनाच कोणी ना कोणी चावलं होतं.

असं झकास चाललं होतं. मग नाणी जमवणाऱ्यांच्या बैठकीत एक नवे गृहस्थ आले, बँकेतून निवृत्त झालेले. डोळ्याला भिंग लावून त्यांनी माझी कड न्याहाळली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "डॉक्टर, हा बघा सांधा. आत तांबं, वर चांदीचा पत्रा. गंडवलंय तुम्हाला कोणीतरी."

सांधा! अहो, तो सराफाचा ओरखडा! एकाच्या संशयाची खूण, तीच दुसऱ्याच्या संशयाचा पुरावा झाली. ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगतो कसा?

डॉक्टरांचं मन खट्टू झालं. नाण्याचं त्यांना एवढं नव्हतं. दोस्ताने जाणूनबुजून खोटं नाणं आपल्या गळ्यात मारलं की काय, हा किडा काही केल्या डोक्यातून जाईना. त्यांनी सलूनमध्ये जाणंच सोडलं. केस कानांवर आले. बायको म्हणाली, "अहो, इतकी वर्षं त्यांच्यापुढे गळा उघडा टाकून बसलात, तेव्हा नाही आली ती शंका?"

"गळा वेगळा, नाणं वेगळं," डॉक्टर म्हणाले. जमवणाऱ्यांचं डोकं हे असं असतं.

शेवटी एका दुपारी दवाखान्यात कोणी नाही असं बघून त्यांनी मला चिमट्यात पकडलं. दाढा कोरायचं यंत्र सुरू केलं. घर्रर्र! आत तांबं आहे का ते बघायला आता आरपार भोक पडणार. टोक माझ्या कडेला टेकलं आणि दार उघडलं.

दारात दोस्त! एक गाल टम्म सुजलेला. काही न विचारता खुर्चीत जाऊन बसला. डॉक्टरांनी आत बघितलं. "काढावी लागेल."

"मग काढ."

"दुसऱ्या कोणाला दाखवायची असेल तर..."

"तू असताना? वेड लागलंय का तुला?" आणि त्याने डोळे मिटून आ केला.

दाढ निघाली. कापसाचा बोळा चावत दोस्त उठला आणि त्याला चिमट्यात अडकलेला मी दिसलो. मग डॉक्टरांनी सगळं सांगून टाकलं. खाली मान घालून.

दोस्ताच्या मनाला लागलं होतं, ते दिसत होतं. मग बोळ्यातून बोबडं बोलला, "मग पाड की भोक. खरं-खोटं मलाही कुठे माहीत आहे? मी काय टांकसाळीत होतो? मला आवडलं, म्हणून तुला दिलं."

डॉक्टरांनी यंत्राची वायर काढली. "नाही पाडणार," म्हणाले. "चल खाली. केस काप माझे."

"अशा सुजलेल्या गालाने?"

"मान माझी आहे ना? मग काप."

परवाच्या बैठकीला दोघं मला घेऊन गेले. बँकवाल्यांनी पुन्हा भिंग लावलं. "सांधा तर आहेच. पण हा बारीक ठिपका नवा दिसतोय. हा कोणी केला?"

"मी," डॉक्टर म्हणाले. शेजारी दोस्त गालावर हात ठेवून हसत होता.

तर आता मला उचललंत तर कडेने धरा. बोटांना कितीतरी खाचा लागतील. ज्यांनी त्या केल्या ते सगळे मला पुढच्याच्या हातात देऊन निघून गेले. त्यांतच एक बारीक ठिपका लागेल. तो करणारा तेवढा थांबला, आणि 'मी' म्हणाला.