भिकाजीच्या अंगात न आलेला देव

पेडणे तालुक्यातल्या त्या गावात दसऱ्याला तरंग निघतं. तरंग म्हणजे लुगड्यांत गुंडाळलेला देवाचा उंच खांब. ढोल घुमला की तो धरणाऱ्याच्या अंगात भार येतो, म्हणजे देवच येतो, आणि लोक त्याच्यापुढे गाऱ्हाणी घालतात. शिमग्याच्या सुमारास वडील वारले आणि हा मान भिकाजीकडे आला. मान वारशाने मिळतो. भाराची तशी सोय नाही.

भिकाजी वीज खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसे. समोरचा काहीही बरळला तरी चेहरा हलू द्यायचा नाही, हे त्याने नोकरीत कमावलं होतं. वडिलांना अग्नी देतानाही तो हलला नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! भिकाजीने आत चाचपून पाहिलं. तिथे धीर नव्हता. दुसरंही काही नव्हतं.

दसऱ्याला भार आला नाही तर मान चुलतभावाकडे, गौरेशकडे जाणार होता. गौरेश लग्नाच्या वरातीतला ताशा ऐकूनही थरथरायचा. भिकाजीला मानाचं एवढं नव्हतं. पण देवसुद्धा यायचं नाकारणार असेल तर आपल्या आत आता कोण येणार, एवढाच त्याचा प्रश्न होता.

भाची सिद्धी पणजीला मानसशास्त्र शिकत होती. ती म्हणाली, "मामा, तुमका संमोहन लागता काय ता बघूया. डोळे मिटा. उजव्या हाताला फुगे बांधलेत. हात हलका होतोय, वर वर चाललाय..."

"खंय चल्लो? मांडयेरच आसा." हात खरंच मांडीवरून हलला नव्हता.

मग तिने हिरव्या शाईत छापलेला 'लाल' हा शब्द दाखवला. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. असले शब्द भिकाजीने न अडखळता पार केले. पत्ते मात्र जमेनात. ते आधी रंगाप्रमाणे लावायचे होते. मध्येच सिद्धीने न सांगता नियम बदलला.

"चूक," ती म्हणाली. भिकाजीने पुन्हा रंगच लावला. "चूक, मामा."

"मघाशी बरोबर होतं. नियम बदलल्याचं परिपत्रक खंय?"

सिद्धीने पत्ते गोळा केले. "तुम्ही स्वतःक भारी घट्ट धरून ठेवलंय. ज्यांना संमोहन लागतं त्यांचं मन एका वाटेवरून दुसरीवर सहज जातं, असं काही जण म्हणतात. काही म्हणतात, त्यांचा मनावरचा लगाम ढिला असतो."

"खरं कितें?"

"अजून ठरूंक ना."

"म्हणजे आमच्या देवस्थान समितीसारखंच."

दसऱ्याला ढोल सुरू झाले. भिकाजी तरंग कवटाळून उभा राहिला. घाम आला, पण तो उन्हाचा. गर्दीत गौरेश डोलू लागला होता. म्हातारे मानकरी बाबली भिकाजीच्या कानाशी आले. "सोड रे पुता, आंग सोड."

भिकाजीने सोडायला घेतलं. काय सोडायचं तेच सापडेना.

थरथरण्याचं नाटक करावं असं क्षणभर मनात आलं. तेवढ्यात देवकी पुढे आली. तिचा मुलगा ओंकार बोटीवर नोकरीला गेला होता. "देवा, म्हजो पूत फोन करीना. बरो आसा मू?"

भार यायच्या आधीच तिने विचारलं होतं. ढोल थांबले. भिकाजी म्हणाला, "माका ठावक ना."

बाबली गौरेशकडे बघू लागले. देवकीने मात्र हात जोडले. "इतकी वर्सां विचारतंय. देव 'बरो आसा' म्हणता आनी म्हजो जीव थाऱ्यार पडना. आज पयलेच खेपे खरें सांगलें."

बाबलींनी थोडा विचार केला. मग वळून गावाला ओरडून सांगितलं, "बापायचो देव हालतालो. ह्याचो उबो रावता! मान ह्याचेकडेच!"

गावाने माना डोलावल्या. नियम बदलला होता आणि परिपत्रकावाचून तो सगळ्यांना कळला होता. गौरेशसुद्धा डोलायचा थांबून ताठ उभा राहिला.

लोक पाया पडू लागले. शेवटी आई आली, कमलाक्षी. ती त्याच्या पावलांवर डोकं ठेवून रडू लागली. "देवा, म्हजो घोव सुखान आसा मू रे?"

"आये, ऊठ," भिकाजी म्हणाला. "गुडघे दुखतले."

"देव सगळ्या बायलांक आयेच म्हणता," बाबलींनी गर्दीला समजावलं.

भिकाजीने वाट पाहिली. आता तरी काही येईल. आईची आसवं पावलांवर पडत होती आणि ती गरम होती, एवढं त्याला कळलं. त्यानंतर काही आलं नाही. बाबलींनी आईला बाजूला घेतलं, आणि पुढच्या माणसाने वाकायला सुरुवात केली.