काच कापायचा हिरा आणि अर्धं दुकान

मी हिरा बोलतोय. लगेच अंगठीकडे बघू नका. मी काच कापायचा हिरा, लाकडी मुठीच्या टोकाला पितळेत बसवलेला, मोहरीएवढा. अंगठीतले माझे भाऊबंद नुसते चमकतात. मी राबून खातो, आणि त्याचा मला तोरा आहे.

एका फोटोफ्रेमवाल्याने स्वतःच्या कमाईतून दुकान घेतलं आणि त्याच महिन्यात मला. आमच्या धंद्यात हिरा कुणी उसना देत नाही. एका हाताच्या कलाने घासत घासत मी त्याच हाताचा होतो. दुसऱ्याने धरलं की रुसतो. पण मालकाने बायकोला शेजारी उभं करून शिकवलं. तिने मूठ हुबेहूब त्याच्यासारखी तिरकी धरली आणि मी दोघांचा झालो.

सहाव्या वर्षी मालक तापाने गेला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या फोटोची काच तिनेच कापली. रेघ तसूभर हलली नाही, पण मला फार वाईट वाटलं.

पुढे ती आणि सासूबाई दुकान चालवू लागल्या. दीर मदतीला यायचा, म्हणजे बहुतेक चहाच प्यायचा. फ्रेमच्या लाकडी पट्ट्या एक सुतार आणून द्यायचा. एकाच मापाच्या तीन पट्ट्या द्यायला तीन खेपा घालणाऱ्या माणसाचं मन ओळखायला काही हिरा असावं लागत नाही. शेवटी त्याने लग्नाचं विचारलं. तिलाही तो आवडत होता.

दिराला कळलं तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, खुशाल लग्न करा. पण मग दुकानावर तुमचा हक्क नाही. हिरा आणि किल्ली ठेवून जा."

तिलाही वाटलं, कायदा असाच असणार. तिने मला टेबलावर ठेवलं खरं, पण रात्रंदिवस ज्या कामात जीव रमला ते सोडून जाववेना. सुताराला नाही म्हणायचं, असं तिने ठरवलंसुद्धा. तेवढ्यात दिराने मला उचललं आणि काचेवर ओढलं. काच वाकडीतिकडी फुटली. मी मुद्दाम केलं म्हणा ना.

सासूबाईंनी तुकडे गोळा केले आणि सुनेला आणि या मुलाला घेऊन एका वकीलबाईंचं ऑफिस गाठलं. सुनेने मला परत उचलून पिशवीत घातलं होतं.

वकीलबाईंनी कागद नीट वाचले. "मृत्युपत्र नाही, मूल नाही. ते गेले त्याच दिवशी अर्धं दुकान बायकोचं झालं, अर्धं आईचं. नंतर लग्न केलं म्हणून मिळालेलं परत जात नाही."

"आणि माझं?" दिराने विचारलं.

"तुमचं काही नाही."

दिराचं तोंड एवढंसं झालं. सासूबाई म्हणाल्या, "चहा मिळत राहील रे तुला. पण आता कप विसळून ठेवायचा."

महिन्याभराने त्याच सासूबाई सुनेच्या आणि सुताराच्या लग्नाचा फोटो घेऊन दुकानात आल्या. "हा इथेच लागेल, माझ्या लेकाच्या फोटोशेजारी. काच तू काप," त्या सुनेला म्हणाल्या. तिने पदराने काच दोनदा पुसली आणि मला तिरकं धरलं. मीही जपून चाललो. रेघ सरळ आली.

आता माझी धार उतरत चालली आहे, तरी रोज सकाळी ती मलाच हातात घेते. मी सुखात आहे. फक्त एक मागणं आहे. आपलं काही असंच टेबलावर ठेवून निघालेली एखादी बाई तुम्हाला दिसली, तर तिला सांगा, आधी ते उचल आणि मग लग्नाला जा.