लाल फडका

सदा सुकाणूपाशी उभा राहिला, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि तसाच खाली बसला. बसताना त्याने फळीवरचा लाल फडका मांडीखाली सारला.

"दिसला का काका?" समोरच्या बाईंनी विचारलं. त्यांच्या मांडीवर चार वर्षांची आरोही होती. नारिंगी जाकीट पार तिच्या हनुवटीपर्यंत आलं होतं.

"न्हाय ताई. लाट व्हती."

डिसेंबरातला रविवार. आगरदांड्याच्या खाडीबाहेर आज पाच होड्या डॉल्फिन दाखवायला निघालेल्या, आणि सगळ्यांत पुढे सदाची. हे वर्षानुवर्षं ठरलेलंच होतं. ज्याला आधी डॉल्फिन दिसेल त्याने फडका वर करायचा, मग बाकीच्यांनी तिकडे वळायचं. कुणाचेही पाहुणे हिरमुसून परतू नयेत, एवढाच त्यातला हिशोब. पण आधी दिसायचं ते सदालाच. बाकीच्यांना नुसतं पाणी दिसे, त्याला त्यातली पाठ दिसे. म्हणून फडका त्याच्याच होडीत मुक्कामाला आलेला.

फडक्याबरोबर त्याचं तोंडही चाले. "मशीन हळू! आता बंद! समोरून न्हाय रं, बाजूला ऱ्हा. त्यांना यायचं तर येतील." बाकीच्या होड्यांवरची पोरं कुरकुरत, पण ऐकत. गर्दीच्या रविवारी मात्र पाच होड्यांतली माणसं एकदम ओरडायला लागली की कोण कुणाचं ऐकतो! होड्यांचा वेढा कधी पडायचा, कळायचंही नाही.

सदाने पुन्हा दक्षिणेकडे नजर टाकली. तिथे एक डॉल्फिन एकटीच चालली होती. तोंडावर काहीतरी धरून. मघाशी उभा असताना पहिल्यांदा त्याला वाटलं होतं, खेळतेय. मग ते तोंडावरून घसरलं, ती खाली गेली आणि त्याला उचलून परत वर आली. पिल्लू होतं. राखाडी, दोनेक हात लांब, मऊ. पुन्हा घसरलं, पुन्हा तिने वर आणलं. पिल्लू श्वास घेत नव्हतं. आई मात्र ते पाण्याच्या वर राहील एवढंच बघत होती.

मागच्या होडीतून अल्पेशची हाक आली. "सदाकाका! काय हाय का रं?"

सदाचा हात मांडीखाली गेला. फडक्याचं टोक बोटांना लागलं.

मुलगी मनाली हिच्या आधी त्याला नि बायकोला, केसरला, एक मुलगा झाला होता. अलिबागच्या दवाखान्यात आठवडाभर होता आणि गेला. घरी आणायचा तर गाडी करण्याची ऐपत नव्हती. केसर त्याला टॉवेलात गुंडाळून एसटीत बसली, खिडकीशी, पदर पुढे ओढून. कुणाला कळलं तर उतरवतील ही एकच धास्ती. रेवदंड्याला शेजारी एक म्हातारी येऊन बसली. बसल्या बसल्या तिने विचारलं, "झोपलं का गं?" केसर म्हणाली, "व्हय." गाडी अर्धी रिकामी होती, तरी सदा घर येईपर्यंत त्या सीटला पाठ लावून उभाच राहिला. मधे कुणाची नजर जाऊ नये म्हणून.

त्याने सुकाणू दाबलं. होडी हळूच फिरली, पाहुण्यांच्या पाठी दक्षिणेला झाल्या.

"काय न्हाय रं!" तो मागे ओरडला. मग आरोहीला म्हणाला, "बाय, ते बघ, कुरव पाखरं बघ. लांबून येतात, थंडीपुरती. आन् तो जंजिरा."

आरोही कुरव बघून खूश झाली. तिच्या बाबांचं तोंड मात्र उतरलं. त्या दिवशी डॉल्फिन दुसऱ्या कुणालाच दिसला नाही.

होड्या किनाऱ्याला लागल्या, पाहुणे गेले, तसे बाकीचे चौघे होडीवाले सदाभोवती जमले.

"मी बघितला तुला," अल्पेश म्हणाला. "उभा ऱ्हायलास, मांडीखाली हात गेला तुजा. फडका का न्हाय काढलास?"

"एकट्याच्या होडीसाठी ठेवलान असेल," विनेश म्हणाला. तो सदाच्याच वयाचा, बोलायला तिखट. "आपल्या पाव्हन्यांना दाखवलान, आपल्याला कुरव!"

"त्याच्या पाव्हन्यांना पन न्हाय दिसला. मी विचारला त्यांना," अल्पेश म्हणाला. "मंग काय, काका? बोल की."

सदा दोर गुंडाळत होता. खरं सांगितलं असतं तर पोरं वाईट नव्हती, हळहळली असती. पण एकाने घरी सांगितलं असतं, दुसऱ्याने पाहुण्याला. पाहुण्यांनी फोन वर धरून तिकडेच चला म्हटलं असतं. अशी आई पिल्लाला एका दिवसात सोडत नाही, हे त्याला माहीत होतं.

"दिसत न्हाय आता नीट," तो म्हणाला. "वाटला, हाय. बघतो तर लाट."

चोरी पकडायला आलेल्या माणसांना एकदम घरात आजारी माणूस सापडावा, तसं झालं. विनेश उगाच वाळूत पाय घासत राहिला. मग म्हणाला, "चष्मा लावून डॉल्फिन बघशील आता. मास्तर दिसशील, मास्तर!" कुणी हसलं नाही.

"मंगळवारी अलिबागला नेतो तुला," अल्पेश म्हणाला. "डोळ्यांच्या डॉक्टरकडं. माझ्या मोटारसायकलवर."

"बघू." सदाने फडका काढला, वाळू झटकली, घडी घातली आणि अल्पेशच्या हातात ठेवला. "उद्यापासून तू पुढं. आन् दोनतीन दिस दक्षिणेला जाऊ नको. जाळी हायत तिकडं, मशीनच्या पंख्यात अडकतील."

"न्हाय जात."

"मशीन बंद करायला सांगत जा सगळ्यांना. ओरडून सांगायचा. न्हायतर ऐकत न्हाय कोन."

"ठाव हाय रं काका," अल्पेश म्हणाला. फडका कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. शेवटी त्याने तो खांद्यावर टाकला.

सदा घरी पोचेपर्यंत बातमी त्याच्या आधी पोचली होती. केसर ओटीवर बसून मनालीच्या होणाऱ्या बाळासाठी दुपटं शिवत होती. तिच्या मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचं.

"डोळे गेले म्हनं तुमचे," ती म्हणाली. "शेजारची नीराबाई सांगून गेली. रडवेली झाली व्हती बिचारी."

"व्हय."

केसरने त्याच्याकडे पाहिलं. मग सुई आणि दोरा त्याच्या पुढ्यात धरला. रोज धरायची तसाच. सदाने दोऱ्याचं टोक ओलं केलं, बल्बच्या उजेडात सुई धरली आणि दोरा एका झटक्यात ओवून दिला. दिल्यावर त्याच्या लक्षात आलं.

केसर हसली नाही. "काय दिसला?"

तो पायरीवर बसला. "आई व्हती. पिल्लू घेऊन चालली व्हती. वर धरून."

"मोठा व्हता?"

"न्हाय. एवढा." त्याने हात पसरून दाखवले आणि लगेच मिटले.

आत भात रटरटत होता. केसरने उठून आच कमी केली, पुन्हा येऊन बसली, दुपट्याची कड दुमडली. खाली बघतच तिने विचारलं, "कुनी बघितला न्हाय ना तिला?"

"न्हाय."

ती टाके घालत राहिली. दोरा संपला तेव्हा तिने सुई पुन्हा त्याच्याकडेच दिली.